ड्रेसिंगच्या वेळी मुलीला व्हीआर हेडसेट लावावा का?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या उजव्या मांडीवर आणि पोटाच्या खालच्या भागावर आंघोळीचे कढत पाणी सांडले, जखम दुसऱ्या अंशाची असून काही ठिकाणी खोल आहे, दिवसाआड ड्रेसिंग करावे लागते आणि आदल्या रात्रीपासूनच ती जेवण सोडून रडत बसते, असे तुम्ही लिहिले आहे. मागच्या ड्रेसिंगला तिघांना तिला धरून ठेवावे लागले. अमेरिकेतले तुमचे मेहुणे व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, दाखवणारे यंत्र) पाठवायला तयार आहेत. तो लावला तर वेदना थांबतील का, गुंगीचे औषध टळेल का आणि डोळ्यांना अपाय तर होणार नाही ना, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी भूलतज्ज्ञ आहे. जळीत रुग्णांच्या ड्रेसिंगसाठी वेदनाशामके आणि गुंगी देणे हा गेली बरीच वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि आमच्याकडे हेडसेटही वापरले जातात. त्यांचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो, जो तुम्ही विचारलेला नाही: मुलीला सध्या मिळणारे वेदनाशामक पुरेसे आहे का आणि ते ड्रेसिंगच्या किती वेळ आधी दिले जाते? नऊ वर्षांच्या मुलीला तिघांनी धरावे लागते तेव्हा औषध कमी तरी पडते आहे किंवा अवेळी तरी दिले जाते आहे, असे मी समजते. जखम मी पाहिलेली नाही, तिचे वजन, इतर आजार, जखमेचे क्षेत्रफळ मला ठाऊक नाही. त्यामुळे औषधाचे नाव आणि मात्रा मी सांगणार नाही, ती तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. विचार कसा करावा, एवढे मात्र सविस्तर सांगता येईल.

भाजलेल्या मुलाच्या वेदना एकाच प्रकारच्या नसतात. दिवसभर जाणवणारी ठणक ही एक. ड्रेसिंगच्या वेळी, म्हणजे जुनी पट्टी सोडवताना, जखम धुताना आणि मृत त्वचा काढताना उसळणारी तीव्र वेदना ही दुसरी. दुसऱ्या अंशाच्या जखमेत त्वचेचा वरचा थर गेलेला असतो, पण चेतातंतूंची टोके जिवंत आणि उघडी असतात. शिवाय दाहामुळे ती इतकी हळवी झालेली असतात की एरवी ज्याला स्पर्श म्हणावे तेही तिला चटक्यासारखे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे धास्ती. पहिली दोन ड्रेसिंगे वाईट गेली की तिसऱ्या ड्रेसिंगची वेदना ट्रॉलीचा आवाज ऐकताच सुरू होते, आणि घाबरलेल्या मुलाला तेवढीच इजा अधिक दुखते, हे रोज पाहायला मिळते. हेडसेटचा उपयोग दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी, आणि तोही तो डोळ्यांवर आहे तोवरच. रात्रीच्या ठणकेसाठी वेळच्या वेळी द्यायचे औषध त्याने टळत नाही.

या उपायाचा उगमच जळीत कक्षात आहे. सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन हे मानसशास्त्रज्ञ कोळ्यांची भीती घालवण्यासाठी आभासी वास्तवाचा वापर करत होते, आणि त्याच शहरातील हार्बरव्ह्यू वैद्यकीय केंद्राच्या जळीत विभागात डेव्हिड पॅटरसन हे मानसशास्त्रज्ञ वेदना कमी करण्यासाठी संमोहन वापरत होते. १९९० च्या दशकात दोघे एकत्र आले. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकाच रुग्णाला जखमेवरील उपचारांचा काही वेळ साधा व्हिडिओ गेम आणि काही वेळ आभासी वास्तव देऊन दोन्हींची तुलना केली, तेव्हा आभासी वास्तवात वेदना बऱ्याच कमी सांगितल्या गेल्या. नंतर त्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी खास ‘स्नोवर्ल्ड’ तयार केले: बर्फाळ दरी, हिममानव, पेंग्विन, आणि रुग्णाने त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे.

बर्फाच्या दृश्यामुळे गारवा वाटतो म्हणून आग कमी होते, असा समज यातून पसरला आहे. पालकही मला बर्फाचाच व्हिडिओ मागतात. परंतु अगदी सुरुवातीच्या रुग्णांना कोळ्यांच्या भीतीसाठी केलेले, स्वयंपाकघराचे आभासी दृश्य दाखवले होते, त्यात बर्फ कुठेच नव्हता आणि तरीही फरक पडला. मुख्य काम लक्षाचे आहे. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित आहे. वेदनेलाही ती लागते. डोळे, कान आणि हात तिघेही दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी लक्ष उरते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला सोसवेल इतपत उष्णतेचा चटका देत मेंदूचे चित्रण केले, तेव्हा आभासी वास्तवात असताना वेदनेशी संबंधित पाच भागांतील सक्रियता स्पष्टपणे कमी झालेली दिसली. म्हणजे ‘मूल विसरले म्हणून बोलले नाही’ एवढेच हे नसते.

त्याच सिएटलच्या कामातली एक बाब बातम्यांत येत नाही आणि तुमच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. तिथल्या जळीत रुग्णांना नेहमीची वेदनाशामके मिळतच होती. ती देऊनही ड्रेसिंगच्या वेळी वेदना उरत होती, म्हणून हा उपाय शोधला गेला. २००० सालच्या त्या लेखाच्या शीर्षकातच त्याला पूरक उपाय म्हटले आहे. पुढे २००७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर ओपिऑइड (अफूच्या वर्गातले तीव्र वेदनाशामक) औषध आणि आभासी वास्तव यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही एकत्र दिल्यावर वेदना सर्वांत कमी जाणवली. त्यामुळे ‘गुंगी टळेल का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तोंडाने दिलेल्या वेदनाशामकावर आणि हेडसेटवर निभावेल अशी काही ड्रेसिंगे असतात आणि निभावणार नाहीत अशीही असतात. पट्टी बदलणे, हलक्या हाताने धुणे, नवीन मलम लावणे एवढेच असेल तर बहुधा निभावते. खोल भागावरची मृत त्वचा खरवडून काढायची असेल तर केटामाइनसारखे औषध देऊन, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते करावे, आणि त्या दिवशी हेडसेट घरी ठेवावा. अर्धवट गुंगीत असलेल्या मुलाला हलती दृश्ये दाखवली की मळमळ होते आणि गुंगीत उलटी होणे धोक्याचे असते. प्रत्येक ड्रेसिंगच्या आदल्या दिवशी ‘उद्या कोणत्या प्रकारचे आहे’ हे डॉक्टरांना विचारा, कारण गुंगी द्यायची असेल तर आधी सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवावे लागते; नुसत्या हेडसेटवर करायचे असेल तर मुलीला विनाकारण उपाशी ठेवू नका. उपाशी मूल अधिक चिडते आणि अधिक दुखते म्हणते.

वेदनाशामकांची सवय लागेल, ही भीती बहुतेक पालकांना असते आणि तुमच्याही प्रश्नामागे ती असावी. जखम भरेपर्यंत, काही आठवडे, ड्रेसिंगपुरती, देखरेखीखाली दिलेली औषधे आणि व्यसन यांत मोठे अंतर आहे. माझ्या मते मुलाने प्रत्येक ड्रेसिंगला किंचाळत राहणे त्याहून जास्त अपाय करते. ती मुले पुढे साध्या इंजेक्शनलाही अंगाला हात लावू देत नाहीत.

आता पुराव्याविषयी. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने मुलांच्या तीव्र वेदनांसाठी आभासी वास्तवाचा आढावा घेतला. त्यात ४ ते १८ वर्षे वयोगटातील १००८ मुलांचे १७ अभ्यास होते. निष्कर्ष सावध होता: पुराव्याचा दर्जा कमी ते अत्यंत कमी आहे, त्यामुळे फायदा किती होतो हे खात्रीने सांगता येत नाही. हे अभ्यास छोटे असतात आणि हेडसेट लावला आहे की नाही हे मुलापासून लपवता येत नाही, त्यामुळे अशा उपायांत हा दोष बराचसा अटळ आहे. तुमच्या मुलीला जवळचा म्हणता येईल असा एक अभ्यास अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते १७ वर्षांची, बाह्यरुग्ण विभागात जळीत ड्रेसिंगसाठी येणारी ९० मुले होती आणि महागडे यंत्र नव्हते. साध्या स्मार्टफोनवर चालणारे आभासी वास्तव होते. एका गटाने त्यात खेळ खेळला, दुसऱ्याने तेच दृश्य नुसते पाहिले, तिसऱ्याला नेहमीप्रमाणे विरंगुळा दिला. ज्यांनी स्वतः खेळ खेळला त्यांनी वेदना सर्वांत कमी सांगितल्या.

माझाही अनुभव असाच आहे. रोलर कोस्टरचा व्हिडिओ लावून दिला की मूल पहिली दोन मिनिटे थक्क होते आणि मग पट्टीकडे परत येते. काहीतरी करायचे असले, नेम धरायचा असला, गुण मिळवायचे असले की ते गुंतून राहते. म्हणून मेहुण्यांना हेडसेटचा ब्रँड विचारण्याआधी त्यावर कोणता खेळ चालणार हे विचारा. खेळ संथ हवा, दृश्य झपाट्याने फिरणारे नको, आणि तो झोपून खेळता यायला हवा. बहुतेक खेळ बसलेल्या किंवा उभ्या माणसासाठी केलेले असतात. तुमच्या मुलीला मांडी आणि पोट उघडे ठेवून उताणे झोपावे लागणार, तेव्हा दृश्य छताच्या दिशेला आणून ठेवण्याची सोय त्यात आहे का, हे आधी घरी तपासा. हात जोरात हलवायला लावणारा खेळही चालणार नाही. पोटाचे स्नायू ताणले जातात आणि सिस्टरांना काम करता येत नाही. मान वळवून किंवा एका बोटाने नेम धरता येईल असा खेळ उत्तम.

हेडसेट पहिल्यांदा ड्रेसिंगच्या टेबलावर लावू नये, यावर मी फार भर देते. मधल्या दिवशी, दुखत नसताना, घरी किंवा वॉर्डात तो तिला हाताळू द्या आणि खेळू द्या. नाहीतर हेडसेट दिसला की आता दुखणार, असे समीकरण तिच्या मनात बसते आणि मग तो उपायच हातचा जातो. ड्रेसिंगच्या दिवशी तोंडाने द्यायचे वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्या. पॅरासिटामॉलसारख्या औषधाला परिणाम दाखवायला पाऊण ते एक तास लागतो. दारात पोहोचल्यावर दिलेली गोळी घरी परतताना उपयोगी पडते. हेडसेट पट्टीला हात लावण्याच्या पाच-सात मिनिटे आधी लावा आणि नवीन पट्टी पूर्ण बांधून होईपर्यंत काढू नका. जुनी पट्टी कोमट सलाइनने भिजवून, सैल होऊ देऊन मगच सोडवावी. हे पाच मिनिटांचे थांबणे घाईच्या वॉर्डात सर्वांत आधी गाळले जाते आणि कोणताही हेडसेट त्याची भरपाई करू शकत नाही. तिच्याशी बोलणारी व्यक्ती एकच असावी. ‘आता दुखेल हं’, ‘झालंच बघ’ अशी वाक्ये चौघांकडून येऊ लागली की ती खेळातून बाहेर येते. त्याऐवजी तुम्ही खेळाविषयीच विचारा, किती झाले, पुढे काय दिसते. आणि तिला एक खूण ठरवून द्या, हात वर केला की सगळे थांबतील, आणि खरोखर थांबा. ही खूण मुले क्वचितच वापरतात, पण ती पाळली जाते हे त्यांना माहीत असावे लागते.

एका बाबतीत मात्र तिला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. काही मुलांना जखमेकडे पाहायचेच नसते. त्यांना हेडसेट वरदान वाटतो. काही मुलांना उलट प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहायची असते, कोण कुठे हात लावणार हे कळले तरच ती शांत राहतात. अशा मुलाचे डोळे झाकले की भीती वाढते आणि पहिल्याच स्पर्शाला ते हेडसेट ओढून काढते. ही मुले हट्टी नसतात, त्यांची धीर धरण्याची रीत वेगळी असते. तुमची मुलगी त्यांतली असेल तर भिजलेली पट्टी तिला स्वतःच्या हाताने सोडवू द्या. हे पाहून अनेक पालक चकित होतात, पण आठ-दहा वर्षांची मुले हे काम सावकाश आणि नेटके करतात.

डोळ्यांविषयी: ड्रेसिंगपुरत्या अर्ध्या तासाच्या वापराने डोळे बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. दिसतात त्या मळमळ, गरगरणे आणि डोकेदुखी, आणि हेडसेट काढल्यावर त्या लवकर जातात. फिट्स येत असतील, डोक्याला नुकताच मार लागला असेल किंवा आधीच उलट्या होत असतील तर वापरू नये. घरगुती हेडसेटच्या कंपन्या स्वतःच वयाची मर्यादा घालतात. ती काही ठिकाणी १३ वर्षे होती, नंतर पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांपर्यंत खाली आणली गेली. तुमची मुलगी त्याहूनही लहान आहे, म्हणून हे डॉक्टरांच्या संमतीने आणि तेवढ्या वेळापुरतेच करावे. हेडसेट घरात आला की धाकट्या-थोरल्यांना दिवसभर खेळायला मिळतो, ते मात्र टाळा, आणि त्याला केवळ मुलीची आवड टिकावी हेच कारण नाही. जळीत जखमेत जंतुसंसर्ग हा मोठा धोका असतो. चेहऱ्याला टेकणारा स्पंज घाम शोषतो आणि नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून पुसता येईल असे सिलिकॉनचे आवरण घ्या, वॉर्डातल्या इतर रुग्णांना हेडसेट देऊ नका आणि त्यांचा घेऊ नका. आणखी एक क्षुल्लक वाटणारी अडचण: भाजलेल्या रुग्णाला थंडी बाधते म्हणून ड्रेसिंगची खोली उबदार ठेवतात आणि तिथे भिंगांवर वाफ धरते. सुका मऊ कपडा जवळ असू द्या.

मग हेडसेट मागवावा का? माझ्या मते लगेच नको. पार्सल पोहोचेपर्यंत जखम भरत आली असेल आणि निम्मी ड्रेसिंगे संपलेली असतील. तोवर स्टँडवर लावलेला टॅबलेट, कानाला हेडफोन आणि ती स्वतः खेळेल असा खेळ एवढ्यावर सुरुवात करा. वेदना मध्यम असेल तर यानेही बरेच साधते. त्या पैशांचा आणि धडपडीचा अधिक उपयोग दुसरीकडे होऊ शकतो: पट्टीचा प्रकार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रोज किंवा दिवसाआड बदलावे लागणारे मलम आणि कोरडी गॉज यांऐवजी जखमेला न चिकटणारी सिलिकॉनची जाळी, कोलॅजन किंवा अनेक दिवस राहणारी चांदीयुक्त पट्टी तिच्या जखमेला चालत असेल, तर ड्रेसिंगची संख्याच कमी होते. न चिकटणाऱ्या पट्टीचा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली होती आणि १९८५ मध्ये त्याविषयी लिहिले होते. स्वस्त, ओलसर आणि काढताना जखमेला न ओढणारी. ती घरी करून पाहू नका, तिला निर्जंतुक करण्याची पद्धत असते. सांगायचे एवढेच, की कमी वेळा आणि कमी ओढून पट्टी काढणे हा वेदनेवरचा उपाय अनेकांच्या ध्यानातच येत नाही. जखम संसर्गित असेल किंवा खोल भागावर त्वचारोपण करायचे असेल तर हा पर्याय उरत नाही, हेही खरे.

मेहुण्यांनी हेडसेट पाठवलाच, तर त्याचा खरा उपयोग कदाचित जखम भरल्यावर होईल. मांडी आणि पोट यांच्या मधल्या घडीवर भाजलेले असेल तर नवी त्वचा आक्रसते आणि पाय सरळ होईनासा होतो. ते टाळण्यासाठी ताणाचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागतात आणि ते दुखतात. तिथे गुंगी देता येत नाही, कारण हालचाल तिनेच करायची असते. हार्बरव्ह्यू येथे अशा व्यायामांच्या वेळीही आभासी वास्तव वापरून पाहिले गेले. वेदना कमी झाली, मात्र सांध्याची हालचाल त्या प्रमाणात वाढल्याचे दिसले नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने ठरवलेला कोन गाठला जातो का, हे हेडसेट लावूनही दर वेळी मोजून घ्या, आणि त्यांना पहिल्या भेटीतच विचारा की तिने कोणत्या स्थितीत, किती वेळ ताण धरायचा आहे. खेळ त्यानुसार निवडता येईल.